विणकामाच्या सुया ठेवायच्या कशा? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

थंडीची चाहूल लागली की पुण्यात माळ्यावरची लोकरीची पिशवी खाली येते आणि पहिली संध्याकाळ सुयांच्या जोड्या जुळवण्यात जाते. या वेळी आलेल्या पत्रांमध्ये बहुतेकांनी सुया नीट ठेवण्यासाठी घरच्या घरी काय करता येईल, हेच विचारलं आहे. आपल्याकडे सुया हातात असतात त्यापेक्षा जास्त काळ कपाटात पडून असतात, आणि त्या काळात अख्खा पावसाळा येऊन जातो. म्हणून पिशवी असो, नळी असो की डबा, सुयांची मापं आधी घ्या, टोक कशावर टेकणार ते ठरवा आणि आत हवा खेळेल ना, ते पाहा. रंग, लेस, बटणं यांचा विचार त्यानंतर.

प्रश्न : माझ्याकडे १४ इंची सुयांच्या वीसेक जोड्या आहेत. घरी शिलाई मशीन आहे, साधा ब्लाउज शिवता येतो. गुंडाळून ठेवता येईल अशी, आत कप्पे असलेली पिशवी शिवायची आहे. मापांसकट सांगाल का? (एक वाचक, कोथरूड)

ब्लाउज शिवता येतो म्हणजे ही पिशवी तुम्हाला सहज जमेल. यात सगळ्या सरळ टिपा आहेत. जे काही चुकतं ते मापात आणि क्रमात चुकतं.

१४ इंची सुई म्हणजे ३५ सेंटीमीटर, आणि मागची टोपी धरून साधारण ३६. त्यामुळे तयार पिशवीची उंची ४० सेंमी, कप्प्यांची खोली २५ सेंमी आणि वरून खाली येणारी झडप १५ सेंमी ठेवा. सुया टोक खाली, टोपी वर अशा राहतील, म्हणजे टोपीवरचा नंबर न उपसता वाचता येईल. रुंदी ५० सेंमी.

आतल्या बाजूला पॉपलिन किंवा केंब्रिक घ्या. टू बाय टू किंवा व्हॉइल नको. २ मिलिमीटरची सुई त्या विणीतून आरपार जाते. सॅटिनसारखं गुळगुळीत कापडही नको, त्यातून सुया घसरतात. ११० सेंमी पन्ह्याचं ८० सेंमी कापड पुरतं. बाहेरून डेनिम, जाड खादी किंवा कॅनव्हास अर्धा मीटर. खणाचं कापड बाहेरून फार देखणं दिसतं, पण त्याचे दोरे लगेच सुटतात. ते वापरायचं तर कापल्या कापल्या कडांना झिगझॅग घाला आणि मागे मांजरपाटाचं अस्तर द्या. बकरम, म्हणजे कॉलरमध्ये घालतात ते कडक कापड, मात्र कुठेच घालू नका, पिशवी गुंडाळताना त्याला कायमच्या घड्या पडतात. हे सगळं तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत एका फेरीत मिळतं.

दोन्ही कापडं रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा. हे टाळलं तर पहिल्या धुण्यात आतलं कापड आटेल आणि बाहेरचं तेवढं आटणार नाही. मग पिशवीला सुरकुत्या पडतील, त्या इस्त्रीनंही जाणार नाहीत.

आता कापायचे तुकडे. आतलं कापड ५० × ६७ सेंमी. बाहेरचं ५० × ४१. झडपेसाठी ५० × ३०. तळाला आधार म्हणून जुन्या जीन्सची ५० × ६ सेंमीची पट्टी. मगजीसाठी, म्हणजे काठ झाकणाऱ्या गोटासाठी, ४.५ सेंमी रुंद आणि ५० सेंमी लांब अशा तीन पट्ट्या. या पट्ट्या उरेब, म्हणजे तिरक्या, कापायची गरज नाही. उरेब पट्टी गोलाईसाठी लागते. इथे सगळे कोपरे काटकोनात आहेत आणि सरळ पट्टी ताणली जात नाही. ८० सेंमी कापडात आतला तुकडा आणि झडप शेजारी शेजारी बसतात, झडपेखाली उरलेल्या भागातून मगजी निघते.

आतल्या ५० × ६७ च्या तुकड्यावर, उलट बाजूने, एका टोकापासून २७ सेंमीवर खडूने आडवी रेघ मारा. ही पुढे कप्प्यांच्या तळाची दुमड होणार. जीन्सची पट्टी या रेघेवर बरोबर मधोमध ठेवून तिच्या दोन्ही लांब कडांवर टीप मारा. टोक बोचतं ते याच जागी. बरेच जण तळाला शिवण घेतात. तिथे मशीनच्या सुईने आधीच भोकं पाडलेली असतात; त्यातलं एखादं भोक सुईचं टोक हळूहळू मोठं करत नेतं. दुमडीत भोक नसतं, आणि मागे जीन्स असली की टोकाला वाटच मिळत नाही.

मग रेघेजवळची लहान बाजू १ सेंमी, पुन्हा १ सेंमी दुमडून शिवून घ्या. हे कप्प्यांचं तोंड. त्या भागाच्या उलट बाजूवर कप्प्यांच्या उभ्या रेघा आखा; दुमडल्यावर तीच बाजू वर येते. दोन्ही काठांना १ सेंमी मगजीसाठी सोडा. मधले ४८ सेंमी डावीकडून असे वाटा : २ सेंमीचे बारा कप्पे, अडीच सेंमीचे सहा, ३ सेंमीचे तीन. एकूण एकवीस.

ही रुंदी कुठून आली ते सांगते, म्हणजे तुमच्या सुयांप्रमाणे तुम्हाला ती बदलता येईल. एक जोडी शेजारी शेजारी आत जायला कप्प्याची सपाट रुंदी सुईच्या जाडीच्या अडीच पटीहून थोडी जास्त लागते, वर सहा मिलिमीटर सैल. म्हणजे ४ मिमीच्या जोडीला दीड-पावणेदोन सेंमी पुरेल. पण टोप्या कप्प्याबाहेर असतात आणि एकेक टोपी सेंटीमीटरभर रुंद असते. कप्पे फार अरुंद केले तर शेजारच्या टोप्या एकमेकींवर चढतात आणि गुंडाळी फुगते. म्हणून बारीक सुयांनाही २ सेंमीपेक्षा कमी जागा देऊ नका. ४ मिमीपर्यंतच्या जोड्या पहिल्या बारा कप्प्यांत, साडेचार ते ६ पुढच्या सहांत, साडेसहा ते ८ शेवटच्या तिनांत. १० मिमीच्या सुया असतील तर त्या यात कोंबू नका, त्यांना वेगळी साधी पिशवी शिवा.

रेघेवर दुमडून कप्प्यांचा भाग सुलट बाजूवर आणा. काठ कच्च्या टाक्यांनी धरा, रेघांमध्ये आडव्या टाचण्या लावा. पहिली टीप मधल्या रेघेवर, मग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. प्रत्येक टीप तळाकडून तोंडाकडेच न्या. एक टीप वर, दुसरी खाली असं केलं की पायाखालचं वरचं कापड एकदा पुढे, एकदा मागे सरकतं. कप्पे तिरके होतात आणि जोडी आत जाताना अडते. १४ नंबरची सुई, सेंटीमीटरला चार टाके. जीन्सवरून जाताना मशीन टाके गाळत असेल तर १६ नंबर लावा. तोंडाशी आल्यावर एक सेंटीमीटर मागे येऊन पुन्हा पुढे जा. सगळा ताण तिथेच येतो.

झडप सुलट बाजू आत ठेवून लांबीत दुमडा, दोन्ही आखूड बाजू १ सेंमीवर शिवा, उलटवा, इस्त्री करा. तयार झडप ४८ × १५ होते. बाहेरच्या कापडाची खालची कड १ सेंमी आत दुमडून घ्या. आता बाहेरचं कापड आणि कप्प्यांचं कापड, उलट बाजू एकमेकींना लागतील असे ठेवा. झडपेची उघडी कड कप्प्यांच्या बाजूने वरच्या काठाला जुळवा. एक मीटर नाडी मधोमध दुमडून ती दुमड बाहेरच्या बाजूने डाव्या काठाला, तळापासून २० सेंमीवर धरा. नाडी डावीकडेच हवी, कारण पिशवी उजवीकडच्या जाड सुयांपासून गुंडाळायची आहे. जाड सुया मध्ये राहिल्या की बारीक सुयांवर वाक येत नाही. दोन्ही बाजू आणि वरच्या काठाला मगजी लावा. तळ मात्र मशीनवर घालू नका. तो हाताने शिवा, आणि टाका फक्त मागच्या थरात घ्या. कप्प्याच्या आत दोरा गेला तर टोक त्यातच अडकेल.

तुमच्याकडे १२ इंची सुयाही असतील तर त्या याच पिशवीत चालतात, टोपीसकट सहा सेंमी वर राहतात. १० इंची मात्र जवळजवळ बुडतात. त्यांच्यासाठी वेगळी पिशवी हवी : उंची ३०, कप्पा १७, झडप १३.

प्रश्न : प्रदर्शनातून घेतलेली शिवलेली पिशवी आहे. पण बारीक सुयांची टोकं तळाच्या शिवणीतून बाहेर येतात, आणि पिशवी आडवी-उलटी झाली की जोड्या निसटतात. उसवल्याशिवाय काही करता येईल का? (सदाशिव पेठ)

येईल. जीन्सची कप्प्याहून किंचित अरुंद, सहा सेंमी लांब पट्टी कापा, मधोमध दुमडा आणि दुमड खाली ठेवून लोखंडी पट्टीने कप्प्याच्या तळापर्यंत सरकवा. सगळ्या कप्प्यांना नको, साडेतीन मिमीखालच्या सुयांच्या कप्प्यांना पुरे. पट्टी कप्प्याइतकीच रुंद कापली तर कडेला चुरगळते आणि सुई तिच्या बाजूने खाली उतरते.

जोड्या निसटतात याचा अर्थ पिशवीला झडप नाही, किंवा असून ती कप्प्याच्या तोंडापर्यंत पोचत नाही. वरच्या काठापासून कप्प्याच्या तोंडापर्यंतचं अंतर मोजा, तेवढ्या उंचीची दुहेरी कापडाची झडप वर सांगितल्याप्रमाणे करा आणि आतल्या काठाला हाताने बारीक टाके घालून जोडा. अनेकींनी अशा पिशव्यांवर आडवं इलॅस्टिक लावलेलं पाहिलं आहे. ते दोन हंगामांत ढिलं पडतं, आणि तोवर बारीक अ‍ॅल्युमिनियमच्या सुयांना बाक आणतं.

प्रश्न : मला शिवण येत नाही. पीव्हीसी पाइपची नळी करता येईल असं ऐकलं. किती जाडीचा पाइप घ्यावा? नातवाला सोबत घेऊन बसने ये-जा असते, टोकं बाहेर यायला नकोत. (एक आजोबा, हडपसर)

आजोबा, तुमच्या कामाला नळीच चांगली. ६३ मिमी बाहेरच्या व्यासाचा पाइप आणि त्याच मापाच्या दोन एंड कॅप घ्या. बोहरी आळीत किंवा घराजवळच्या प्लंबिंगच्या दुकानात पाइप कापूनही देतात. १४ इंची सुयांसाठी ४० सेंमी तुकडा. कापलेली कड आतून-बाहेरून पॉलिश पेपरने घासा, नाहीतर लोकर तिला अडकते.

खालची कॅप सॉल्व्हेंट लावून पक्की करा आणि वास पूर्ण जाईपर्यंत, दोन-तीन दिवस, नळी उघडी ठेवा. वरची कॅप नुसती बसवायची. ती फार घट्ट बसते, म्हणून पाइपचं वरचं तोंड बाहेरून दोन सेंमीपर्यंत घासून थोडं बारीक करा. आणि कॅपला ३ मिमीचं एक भोक पाडा. भोक नसेल तर कॅप ओढताना आत हवेची पोकळी होते, कॅप हिसक्यानं सुटते आणि सुया अंगावर येतात. त्याच भोकातून आतली दमट हवाही बाहेर जाते.

तळाला जुन्या रबरी चपलेच्या तळव्यातून सेंटीमीटरभर जाडीची चकती कापून बसवा. सुया टोक वर करून ठेवा, टोप्या चकतीवर. टोक खाली ठेवलं तर बसच्या प्रत्येक खड्ड्याला ते आपटतं. बांबूच्या सुईचं टोक त्याने पसरतं आणि मग लोकरीचे धागे फाडतं. प्रत्येक जोडी सुती दोऱ्याने किंवा लोकरीच्या तुकड्याने बांधा. रबरबँड वापरू नका. उन्हाळ्यात तो वितळून सुईला चिकटतो, आणि रबरातल्या गंधकामुळे पितळेच्या सुया काळ्या पडतात.

पाइप नको असेल तर लक्ष्मी रोडच्या कापड दुकानात ताग्यांच्या आतल्या पुठ्ठ्याच्या जाड नळ्या मागून पाहा. मात्र पुठ्ठा ओल ओढतो. आतून-बाहेरून वॉर्निशचे दोन हात दिल्याशिवाय पावसाळ्यात त्यात सुया ठेवू नका.

प्रश्न : मोज्यांसाठीच्या, दोन्ही बाजूंना टोक असलेल्या पाच सुया. विणकाम अर्धवट असताना पिशवीत टाके निसटतात. टोकांना खोडरबर खोचलं तर? (वारजे)

धातूच्या किंवा बांबूच्या सुयांना चालेल. प्लास्टिकच्या सुयांना अजिबात नको : कंपासपेटीत खोडरबर प्लास्टिकच्या पट्टीला चिकटून तिचा पृष्ठभाग खातं, तसंच इथे होतं. त्याऐवजी बुचाचे तुकडे किंवा चपलेच्या तळव्याचा फोम वापरा. एक-एक टोक न झाकता, सुया एकत्र करून एका बाजूची सगळी टोकं एकाच तुकड्यात खोचा, मग दुसऱ्या बाजूची. नुसत्या सुया ठेवायला प्रवासातला टूथब्रशचा डबा उत्तम. त्यात १५ सेंमीचा संच मावतो. २० सेंमीचा असेल तर डबा घेण्याआधी सुई घालून पाहा.

प्रश्न : वायरने जोडलेल्या गोल सुया डब्यात ठेवते. विणायला घेतल्या की वायर स्प्रिंगसारखी गोळा होते. (औंध)

डबा लहान आहे. वायरला ज्या गोलाईत ठेवाल ती गोलाई तिच्या अंगवळणी पडते. १२ सेंमी व्यासापेक्षा लहान वेटोळं करू नका, आणि जिथे वायर सुईला जोडलेली असते तिथे वाक येऊ देऊ नका. वायर तुटते ती तिथेच. जुनी सीडी ठेवायची कप्प्यांची वही घरात पडून असेल तर तिचा कप्पा या वेटोळ्याच्या मापाचा असतो. एका कप्प्यात एक सुई, आणि कप्प्याच्या कोपऱ्यात कागदावर मिलिमीटर आणि वायरची लांबी, दोन्ही लिहा. सीडीची वही नसेल तर अप्पा बळवंत चौकात प्लास्टिकच्या कप्प्यांच्या फायली मिळतात.

आधीच गोळा झालेल्या वायरसाठी : चहाइतक्या गरम पाण्यात फक्त वायर अर्धा-एक मिनिट बुडवा, बाहेर काढून दोन्ही सुया धरून ताणा आणि निवेपर्यंत तशीच धरून ठेवा. लाकडी सुया आणि जोड पाण्याबाहेर राहू द्या. पाणी उकळतं नको.

प्रश्न : आईच्या स्टीलच्या सुयांना गंज आणि बांबूच्या सुयांना पांढरी बुरशी आली आहे. कपाटात डांबराच्या गोळ्या होत्या तरीही. (सिंहगड रोड)

डांबराच्या गोळ्या कसरीसाठी असतात, ओलीवर त्यांचा उपयोग नाही. शिवाय काही प्लास्टिक त्यांच्या वाफेनं मऊ पडतं. सुयांच्या पिशवीत त्या ठेवूच नका.

गंज वरवरचा असेल तर झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने सुईच्या लांबीच्या दिशेने घासा, गोल फिरवून नव्हे. आडवे ओरखडे पुढे लोकर पकडतात. कोरड्या फडक्याने पुसा, मेणबत्ती हलकी फिरवा आणि दुसऱ्या फडक्याने चोळून चमकवा. खोबरेल किंवा मशीनचं तेल लावू नका, त्याचे डाग पांढऱ्या लोकरीवरून निघत नाहीत. गंजाचे खड्डे पडले असतील तर ती सुई विणकामातून बाद करा. बांबूच्या सुया कोरड्या फडक्याने पुसून दिवसभर सावलीत वाऱ्यावर ठेवा, अगदी बारीक पेपरचा हलका हात द्या, मग मेण.

पुढच्या पावसाळ्यासाठी : मे महिन्यात रिकामी पिशवी धुऊन कडक उन्हात वाळवा आणि त्यानंतरच सुया भरा. बूट-पर्सच्या खोक्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या झडपेखाली ठेवा. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण वाळलेला; ओला पाला स्वतःच ओल सोडतो. फोमचं अस्तर असलेली पिशवी पावसाळ्यात वापरू नका, कारण फोम पाणी धरून ठेवतो आणि बाहेरून हाताला कोरडा लागतो. आणि पिशवी बाहेरच्या भिंतीला लागलेल्या कप्प्यात नको. पुण्यातल्या जुन्या इमारतींत ती भिंत ऑगस्टपर्यंत गारच असते.

प्रश्न : पिशवीच्या कप्प्यांवर नंबर भरतकामाने घालायचे आहेत. पण काही सुयांवर १०, काहींवर ३.२५ लिहिलंय. कुठला घालू? (बिबवेवाडी)

मिलिमीटरच घाला. आपल्याकडच्या जुन्या सुया आणि जुन्या विणींची पुस्तकं ब्रिटिश नंबराने चालतात. त्यात नंबर जेवढा मोठा तेवढी सुई बारीक : १४ म्हणजे २ मिमी, १२ म्हणजे २.७५, ११ म्हणजे ३, १० म्हणजे ३.२५, ९ म्हणजे ३.७५, ८ म्हणजे ४, ७ म्हणजे ४.५, ६ म्हणजे ५, ४ म्हणजे ६. अमेरिकन नंबर याच्या उलटे वाढतात. तिथली १० नंबरची सुई ६ मिमीची, म्हणजे आपल्या दहाच्या जवळजवळ दुप्पट जाड. परदेशी नमुना पाहून विणताना स्वेटर कधी तंबूएवढा, कधी बाहुलीचा होतो तो बहुधा याच घोळामुळे.

कप्प्यावर मिलिमीटर साखळी टाक्याने भरा, आणि सवय असेल तर ब्रिटिश नंबर खाली लहान अक्षरात. भरतकाम कप्पे शिवण्याआधी, कापड सपाट असतानाच करून घ्या. नंतर केलं तर टाका मागच्या थरात जातो आणि कप्पाच बंद होतो. आकडे तोंडापासून चार सेंमी खाली ठेवा. नंबर पुसलेली सुई डोळ्यांनी ओळखू नका; सव्वातीन आणि साडेतीन हातात सारख्याच लागतात. भोकांची मापपट्टी मिळते, तिच्या ज्या भोकातून सुई अडखळल्याशिवाय पण न डुगडुगता जाते, ते तिचं माप. टोक घालून पाहू नका, सुईचा पूर्ण जाड भाग आत गेला पाहिजे.